पाडलेली विमाने आणि वाचलेली जहाजे

२३ डिसेंबर २०२३ रोजी सौदी अरेबियातील जुबैल बंदरातून मंगळूरकडे निघालेल्या 'केम प्लूटो' या रसायनवाहू जहाजावर भर अरबी समुद्रात ड्रोन येऊन आदळला. हे ठिकाण गुजरातच्या किनाऱ्यापासून अवघ्या २०० सागरी मैलांच्या आसपासचे. जहाजावर एकवीस खलाशी होते आणि त्यातले वीस भारतीय. आग लागली, ती त्यांनीच विझवली आणि सुदैवाने कोणाचा प्राण गेला नाही. तटरक्षक दलाच्या 'विक्रम' या नौकेच्या सोबतीने जखमी जहाज मुंबईला पोहोचले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या नौदल गोदीत 'आयएनएस इम्फाळ' ही विनाशिका नौदलात दाखल झाली. त्या समारंभात संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी हल्लेखोरांना सागराच्या तळातूनही शोधून काढू, असे बजावले. एकाच बंदरात, एकाच आठवड्यात, एक पोळलेले निःशस्त्र जहाज आणि एक नवी कोरी शस्त्रसज्ज नौका असा योग जुळून आला. वर्तमानपत्रांनी त्या नव्या नौकेवरील क्षेपणास्त्रांचे रकानेच्या रकाने वर्णन केले. त्याच नौकेवर ३० मिलिमीटर व्यासाच्या, सहा नळ्यांच्या चार लहान तोफाही आहेत, याची दखल फारशी कोणी घेतली नाही.

ही उपेक्षा नवी नाही. जहाजावरची विमानवेधी तोफ हे शस्त्रांच्या कुटुंबातले नेहमीच मागच्या ओळीत उभे राहिलेले मूल. रणगाडा, विमान, पाणबुडी, क्षेपणास्त्र यांच्या वाट्याला आलेले कौतुक तिला कधी लाभले नाही. तिचे काम राखणदाराचे, आणि चोर न आल्याबद्दल राखणदाराचा सत्कार करण्याची रीत आपल्याकडे नाही. परंतु दुसऱ्या महायुद्धात ज्या राष्ट्राने या राखणदाराकडे दुर्लक्ष केले त्याला त्याची किंमत हजारो प्राणांनी मोजावी लागली. तो इतिहास आज पुन्हा डोळ्यांखालून घालण्याची वेळ आली आहे.

त्या इतिहासातील सर्वांत बोलका दिवस म्हणजे १० डिसेंबर १९४१. ब्रिटनची 'प्रिन्स ऑफ वेल्स' ही त्या वेळची अत्याधुनिक युद्धनौका आणि तिच्यासोबत पहिल्या महायुद्धाच्या काळातील 'रिपल्स' अशा दोन बलाढ्य नौका ॲडमिरल टॉम फिलिप्स यांच्या नेतृत्वाखाली मलायाच्या पूर्व किनाऱ्याकडे निघाल्या होत्या. 'प्रिन्स ऑफ वेल्स'ची एक वेगळी ओळख भारतीयांनी विसरू नये. ऑगस्ट १९४१ मध्ये चर्चिल याच नौकेतून अटलांटिक ओलांडून रूझवेल्ट यांच्या भेटीस गेले आणि त्या भेटीतून राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाची ग्वाही देणारी अटलांटिक सनद निघाली. महिन्याभरातच ब्रिटिश संसदेत चर्चिल यांनी ती ग्वाही हिटलरच्या टाचेखालील युरोपीय राष्ट्रांपुरती असून भारताचा प्रश्न वेगळा आहे, असा खुलासा केला. सनदेला साक्षी असलेली तीच नौका चार महिन्यांच्या आत आशियाच्या समुद्रात साम्राज्याच्या रक्षणासाठी उतरली होती.

या ताफ्याबरोबर विमानवाहू नौका नव्हती. फिलिप्स यांनी आपला ठावठिकाणा शत्रूला लागू नये म्हणून बिनतारी संदेश बंद ठेवले आणि सिंगापूरहून लढाऊ विमाने मागवली नाहीत. मदार होती ती जहाजावरच्या तोफांवर. 'प्रिन्स ऑफ वेल्स'वर सव्वापाच इंची सोळा तोफा होत्या, आठ-आठ नळ्यांच्या 'पॉमपॉम' तोफांच्या जुड्या होत्या आणि नेम साधून देणारे रडारही होते. कागदावर पाहिले तर इतके संरक्षण त्या समुद्रात दुसऱ्या कोणत्याही जहाजाला नव्हते. प्रत्यक्षात विषुववृत्तीय दमट हवेने ती नाजूक रडारयंत्रे आधीच आजारी पाडली होती. पॉमपॉमच्या दारूगोळ्याची अवस्था त्याहून वाईट. उष्णतेने काडतुसे खराब झाली होती, गोळा आणि काडतूस एकमेकांपासून सुटे होत आणि ऐन गोळीबारात तोफ अडकून पडे. हल्ल्याच्या वेळी या तोफा पुनःपुन्हा बंद पडल्या. जपानी विमानांनी सोडलेल्या टॉर्पेडोचा पहिलाच घाव पाठीमागच्या पंख्याच्या दांड्यापाशी बसला. पाणी आत घुसले, जहाज कलले, विजेचा पुरवठा तुटला. आता विजेवर फिरणाऱ्या मोठ्या तोफा फिरेनात. नौकेच्या मागच्या डेकवर एक हाताने फिरवायची ४० मिलिमीटरची बोफोर्स तोफ होती. विजेची गरज नसलेली ती एकटी तोफ मात्र बिनतक्रार चालत राहिली!

दुपारी साडेबाराच्या सुमारास 'रिपल्स' बुडाली, त्यानंतर पाऊण तासाने 'प्रिन्स ऑफ वेल्स'. आठशे चाळीस माणसे गेली. ऐंशीहून अधिक विमानांनी हल्ला चढवणाऱ्या जपानची फक्त तीन विमाने पडली. सिंगापूरहून अखेर निघालेली ब्रिटिश लढाऊ विमाने पोहोचली तेव्हा खाली पाण्यात पोहणारी माणसे तेवढी उरली होती. समुद्रावरचे हे छत्र हरपल्यावर दोन महिन्यांत, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी, सिंगापूर पडले. ब्रिटिशांसाठी लढणारे चाळीस हजारांहून अधिक भारतीय सैनिक जपान्यांच्या ताब्यात गेले आणि त्यांच्यातूनच आझाद हिंद सेनेची पहिली तुकडी उभी राहिली. पुढे नेताजींच्या नेतृत्वाने जे तेजस्वी पर्व घडले त्याच्या आरंभाशी, इतर अनेक कारणांबरोबर, अडकून बसलेल्या त्या पॉमपॉम तोफाही आहेत. इतिहासाचे धागे असे अनपेक्षित ठिकाणी गुंतलेले असतात.

युद्धाची झळ मग थेट भारताच्या दाराशी आली. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानवाहू ताफा बंगालच्या उपसागरात आणि सिंहलद्वीपाच्या आसपास मनसोक्त वावरला. ५ एप्रिलला 'डॉर्सेटशायर' आणि 'कॉर्नवॉल' या दोन ब्रिटिश क्रूझर काही मिनिटांत बुडवल्या गेल्या. ६ तारखेला विशाखापट्टणम आणि काकिनाडा यांवर बॉम्ब पडले. त्याच दिवशी अक्याबजवळ रॉयल इंडियन नेव्हीची 'इंडस' ही नौका हवाई हल्ल्यात बुडाली. ९ तारखेला बट्टिकलोआजवळ 'हर्मिस' ही विमानवाहू नौका, स्वतःच्या डेकवर एकही विमान नसताना, जपानी विमानांची शिकार झाली. इतका मोठा समुद्र आणि त्यावर एवढ्या नौका असूनही छत्र नव्हते. मद्रासेतून लोक गाठोडी बांधून निघाले, ते उगाच नव्हे.

याच सुमारास अमेरिका काय करीत होती, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या नौदलालाही १९४० पर्यंत चांगली विमानवेधी तोफ नव्हती. त्यांची १.१ इंची चार नळ्यांची तोफ वारंवार अडकत असे. ऑगस्ट १९४० मध्ये त्रिनिदादजवळ डच नौदलाच्या 'व्हान किन्सबर्गन' या नौकेवर अमेरिकी अधिकाऱ्यांनी स्वीडिश बोफोर्स तोफेचे प्रात्यक्षिक पाहिले. सुमारे ९०० ग्रॅमचा गोळा आणि एका नळीतून मिनिटाला सुमारे १२० गोळे! अमेरिकेने परवाना घेण्याचा निर्णय केला आणि जून १९४१ मध्ये करार झाला.

येथे 'बोफोर्स' या शब्दाशी थोडे थांबावे लागते. मराठी वाचकाच्या मनात हा शब्द तोफेचा राहिलेलाच नाही, तो दलालीचा झाला आहे. १९८६ साली भारताने याच कंपनीशी १५५ मिलिमीटरच्या ४१० तोफांचा करार केला, १९८७ च्या एप्रिलमध्ये स्वीडिश रेडिओने दलालीचा स्फोट केला आणि पुढचे राजकारण सर्वांना ठाऊक आहे. १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर त्याच तोफांनी आपले काम चोख बजावले. परंतु दलालीच्या भीतीने दिल्लीतील फाइली अशा गोठल्या की त्यानंतर तीन दशके भूदलाला नवी हॉवित्झर मिळाली नाही. त्या कराराबरोबर तोफेची तांत्रिक रेखाचित्रेही भारताला मिळाली होती. ती वर्षानुवर्षे कपाटात राहिली. त्यांच्या आधारे आपल्या आयुध कारखान्यांनी 'धनुष' तोफ घडवली आणि तिच्या पहिल्या सहा तोफा सैन्याच्या हाती पडायला एप्रिल २०१९ उजाडले.

अमेरिकेच्या हाती स्वीडिश रेखाचित्रे पडली तेव्हा त्यांचीही पंचाईत काही कमी नव्हती. मापे मेट्रिक पद्धतीची, अमेरिकी कारखाने इंचांचे. त्यात स्वीडिश कारागीर एक-एक तोफ हाताने जुळवीत, अनेक भागांबाबत रेखाचित्रात सूचना असे की जोडताना कानस घासून बसवून घ्यावे. निष्णात कारागिराच्या हाताला हे शोभते, परंतु ज्याला हजारोंनी तोफा हव्यात त्याने काय करावे? मोटारी बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीने सारी रेखाचित्रे नव्याने काढली, कोणताही भाग कोणत्याही तोफेला बसेल असे मोजमाप ठरवले आणि १९४२ मध्येच उत्पादन सुरू केले. युद्ध संपेपर्यंत क्रायस्लरने सुमारे ६० हजार तोफा बाहेर काढल्या. परदेशी आराखडा घेण्यात कमीपणा नाही, तो आपल्या कारखान्यात, आपल्या मापात, आपल्या कामगाराच्या हातून उतरतो की नाही हा प्रश्न आहे. तिकडे या कामाला लागले वर्ष, इकडे लागली तीस वर्षे. यात तंत्रज्ञानाचा दोष किती आणि निर्णय टाळणाऱ्या वृत्तीचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

तोफ पुरेशी नसते, नेमही लागतो. ताशी ३६० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका सेकंदात शंभर मीटर पुढे सरकते. दोन किलोमीटरवरच्या विमानापर्यंत गोळा पोहोचायला तीन सेकंद लागले तर तोफचीने विमानाच्या तीनशे मीटर पुढच्या मोकळ्या आकाशावर नेम धरला पाहिजे, तोही डोलणाऱ्या डेकवरून. मासाचुसेट्स तंत्रसंस्थेतील चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारा असा दर्शक तयार केला की तोफचीने विमान दर्शकात धरून ठेवायचे, पुढचा हिशेब यंत्राने करायचा. मोठ्या पाच इंची तोफांसाठी त्याहून अद्भुत युक्ती निघाली. मर्ल ट्यूव यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांनी तोफेच्या गोळ्याच्या टोकातच छोटा रेडिओ बसवला. विमानाच्या जवळ पोहोचताच गोळा आपणहून फुटू लागला. तोफेतून सुटताना बसणाऱ्या प्रचंड धक्क्यात काचेच्या नळ्यांचा रेडिओ टिकवणे हे त्या काळी जवळजवळ अशक्य कोटीतले काम होते. ५ जानेवारी १९४३ रोजी 'हेलेना' या क्रूझरने अशा गोळ्याने पहिले जपानी विमान पाडले.

जपानची कथा याच्या उलट. शौर्यात ते राष्ट्र कोणालाही हार जाणारे नव्हते. पण त्यांची २५ मिलिमीटरची तोफ पंधरा गोळ्यांची पेटी संपली की थांबे, माणसाने ती हाताने बदलायची आणि पुन्हा नेम शोधायचा. उपाय म्हणून त्यांनी तोफाच वाढवल्या. जगातील सर्वांत मोठ्या 'यामातो' युद्धनौकेवर शेवटी या तोफांच्या सुमारे दीडशे नळ्या होत्या. ७ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेच्या जवळपास चारशे विमानांनी ती बुडवली तेव्हा हल्लेखोरांची दहा विमाने पडली आणि 'यामातो'वरील तीन हजारांच्या आसपास माणसे गेली. दीडशे नळ्या होत्या, त्यांना पुरेसा अचूक नेम देणारे यंत्र नव्हते.

तथापि, विमानवेधी तोफेचे मोल कसे मोजावे, हा प्रश्न युद्धकाळात एका वेगळ्याच जागी निर्माण झाला आणि तो आजच्या आपल्या हिशेबनिसांनी अवश्य वाचावा असा आहे. भूमध्य समुद्रातून जाणाऱ्या ब्रिटिश व्यापारी जहाजांवर मोठा खर्च करून विमानवेधी तोफा आणि तोफची बसवले होते. काही काळाने आकडे आले. ज्या विमानांनी हल्ला केला त्यातली अवघी चार टक्के पाडली गेली होती. तोफा तर इतरत्रही हव्या होत्या. मग ही निरुपयोगी तोफखान्याची उधळपट्टी कशाला, असा विचार सुरू झाला. हिशेब सरळ होता आणि चूकही होता.

संशोधकांनी प्रश्न बदलला. तोफांनी किती विमाने पाडली हे न पाहता किती जहाजे वाचली हे त्यांनी पाहिले. तोफा चालवणाऱ्या जहाजांवर टाकलेल्या ६३२ बॉम्बपैकी ५० लागले, म्हणजे ८ टक्के. तोफा न चालवणाऱ्या जहाजांवर ३०४ पैकी ३९ लागले, म्हणजे १३ टक्के. हल्ला झालेल्या १५५ तोफधारी जहाजांपैकी १६ बुडाली, तर तोफेविना असलेल्या ७१ पैकी १८. दहा टक्के आणि पंचवीस टक्के असा हा फरक. कारण उघड होते. वर येणाऱ्या गोळ्यांच्या रेषा पाहून वैमानिकाचा हात थरथरे, तो उंचावरूनच बॉम्ब सोडी आणि नेम चुके. तोफ विमान पाडत नव्हती, पण जहाज वाचवीत होती. तोफा जहाजांवरच राहिल्या.

शस्त्राची उपयुक्तता त्याने किती मारले यावर ठरवणारी माणसे आपल्याकडेही कमी नाहीत. 'इतके कोटी खर्चून ही यंत्रणा आणली, ती वापरली किती वेळा?' हा प्रश्न दूरचित्रवाणीच्या चर्चेत मोठ्या आवेशाने विचारला जातो. शत्रूने न केलेल्या हल्ल्याची नोंद कोणत्या ताळेबंदात करायची?

महायुद्धानंतर या तोफेचे दिवस सरले असेच जगाला वाटले, आणि त्या समजुतीवर शिक्कामोर्तब करण्याचा मान भारतीय नौदलाकडे जातो. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निर्घात', 'निपात' आणि 'वीर' या आपल्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या. 'निर्घात'ने सोडलेले क्षेपणास्त्र पाकिस्तानच्या 'खैबर' या विनाशिकेकडे झेपावले, तेव्हा त्या नौकेवरील तोफचींना ते भारतीय विमान वाटले. त्यांनी विमानवेधी तोफांचा मारा सुरू केला. क्षेपणास्त्र येऊन धडकले. बुडत्या 'खैबर'ने पाठवलेल्या संदेशातही शत्रूच्या विमानांनी हल्ला केल्याचेच म्हटले होते! माणसाने डोळ्याने पाहून, हाताने फिरवून चालवायच्या तोफेचा काळ त्या रात्री संपला. १९६१ साली नौदलात आलेल्या आपल्या 'विक्रांत'वर ४० मिलिमीटरच्या सोळा बोफोर्स नळ्या होत्या, पुढे त्या निम्म्यावर आल्या. २००१ नंतर मुंबईत संग्रहालय झालेली ही नौका ज्या हजारो कुटुंबांनी मुलाबाळांसह पाहिली, त्यांच्या लक्षात राहिली ती विमाने आणि विस्तीर्ण डेक.

मात्र तोफ गेली नाही, तिने रूप बदलले. रडारने स्वतः लक्ष्य शोधणारी, मिनिटाला हजारो गोळ्या फेकणारी, नौकेची शेवटची ढाल म्हणून ती परतली. यंत्र आले तरी माणसाची सावधता अनिवार्य राहिली. १७ मे १९८७ रोजी इराणच्या आखातात अमेरिकेच्या 'स्टार्क' या फ्रिगेटवर इराकी विमानाने दोन क्षेपणास्त्रे सोडली, तेव्हा अशी तोफ नौकेवर होती, पण ती मारा करण्याच्या स्थितीत ठेवलेली नव्हती. ३७ नौसैनिक प्राणांस मुकले. उलट ३० जानेवारी २०२४ च्या रात्री तांबड्या समुद्रात 'ग्रेव्हली' या अमेरिकी विनाशिकेवर हुथींचे क्षेपणास्त्र एक मैलाच्या आत येऊन ठेपले, तेव्हा क्षेपणास्त्रांचे सारे थर ओलांडून आलेल्या त्या संकटाला याच शेवटच्या तोफेने अडवले.

हुथींच्या हल्ल्यांनी दुसरा प्रश्नही ऐरणीवर आणला. काही हजार डॉलरचा ड्रोन पाडण्यासाठी वीस लाख डॉलरचे क्षेपणास्त्र किती दिवस उडवायचे? शत्रूचे ड्रोन संपण्याआधी आपले क्षेपणास्त्रांचे कोठार रिकामे झाले तर काय? युरोपीय नौदलांनी त्या समुद्रात ७६ मिलिमीटरच्या तोफांनी ड्रोन पाडून दाखवले. भूमीवर हाच अनुभव भारताने मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी घेतला. पाकिस्तानी ड्रोनच्या झुंडींविरुद्ध आपल्या हवाई संरक्षण दलाने ज्या शस्त्रांचा परिणामकारक वापर केला, त्यात ४० मिलिमीटरची 'एल-७०' होती. ही त्याच स्वीडिश तोफेची पुढची पिढी. साठच्या दशकापासून आपल्याकडे असलेली, भारतातच बनलेली आणि नवी रडारदृष्टी देऊन भारतीय अभियंत्यांनी पुन्हा तरुण केलेली. जी शस्त्रे कालबाह्य ठरवून भंगारात काढण्याच्या सूचना अधूनमधून होत असत, त्यातलेच हे एक.

म्हणूनच नौदलासाठी केवळ किती नौका बांधल्या हे पुरेसे नाही. त्या नौकांवरील तोफांचा दारूगोळा कोठे बनतो, किती दिवस पुरेल, मुंबई आणि विशाखापट्टणमच्या दमट हवेत तो कोणत्या अवस्थेत आहे, तोफची वर्षातून किती वेळा प्रत्यक्ष उडत्या लक्ष्यावर सराव करतात, हे प्रश्न संसदेत आणि संसदेबाहेर विचारले गेले पाहिजेत. २०१७ मध्ये महालेखापालांनी भूदलाच्या दारूगोळ्याबाबत दिलेल्या अहवालात अनेक प्रकारचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणार नाही असे नमूद केले होते. तेव्हा चार दिवस गदारोळ झाला. त्यानंतर खरेदीचे अधिकार सैन्यदलांकडे सोपवण्यात आले, देशी उत्पादनाला चालना मिळाली, ही समाधानाची बाब. परंतु समुद्रावरचा हिशेब जनतेसमोर फारसा येत नाही. गुप्तता राखलीच पाहिजे. मात्र गुप्ततेच्या पडद्याआड 'प्रिन्स ऑफ वेल्स'ची काडतुसेही सुरक्षितच होती.

आणि व्यापारी जहाजांचे काय? 'केम प्लूटो'वर कोणतीही तोफ नव्हती, असण्याचे कारणही नव्हते, कारण शांततेच्या काळात व्यापारी जहाजाने शस्त्र बाळगायचे नसते. त्याचे रक्षण हे नौदलाचे काम. त्या हल्ल्यानंतर 'मुरगाव', 'कोची' आणि 'कोलकाता' या विनाशिका अरबी समुद्रात तैनात झाल्या, तेव्हा जगातील अनेक ध्वजांच्या जहाजांवर काम करणाऱ्या भारतीय खलाशांच्या घरी निदान काही रात्री स्वस्थ झोप लागली असेल. जगाच्या व्यापारी ताफ्यांतील खलाशांत भारतीयांचा वाटा मोठा आहे आणि त्यात कोकणातल्या, गोव्यातल्या घरांची संख्या थोडी नाही.

दुसऱ्या महायुद्धातही ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या भट्ट्यांपुढे आणि डेकवर राबणारे हजारो खलाशी भारतीय होते. ते कोकणचे, गोव्याचे, सौराष्ट्राचे, सिल्हेटचे. भूमध्य समुद्रातील त्या १५५ आणि ७१ जहाजांच्या आकड्यांमागे अशीही माणसे होती. बॉम्ब लागला की इंजिनाच्या खोलीतून वर येण्याची संधी त्यांना सर्वांत शेवटी मिळे. मुंबईत मस्जिद बंदर भागातील 'इंडियन सेलर्स होम'मध्ये त्या युद्धात समुद्रात नाहीसे झालेल्या भारतीय नाविकांचे स्मारक आहे. तेथील नोंदवहीत सुमारे साडेसहा हजार नावे आहेत. त्यातली नौदलाची चारशेच्या आसपास, बाकी सारी व्यापारी जहाजांवरची.